नारळ कुठे फोडायचा?

26 सप्टेंबर 2024 ला पुण्यात मुसळधार पाऊस पडला आणि त्यामुळे जमिनीखालची मेट्रो सुरू होऊ शकली नाही.

पुण्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो काळजीने विचारतो, "बोगद्यात पाणी शिरलं का?" छे, बोगदा कोरडा ठणठणीत होता. सिव्हिल कोर्टापासून स्वारगेटपर्यंत रूळ होते, रुळांवर गाड्या होत्या आणि वर मंडईत त्या गाड्यांत बसायला तयार असलेली माणसं छत्र्या धरून उभी होती. भिजलं होतं ते एसपी कॉलेजचं मैदान. तिथे सभेचा मांडव होता. मांडव भिजला म्हणून पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला, दौरा रद्द झाला म्हणून उद्घाटन लांबलं आणि उद्घाटन लांबलं म्हणून मेट्रो जागच्या जागी थांबली. विरोधकांनी आंदोलन केलं, सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले आणि अखेर 29 तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन होऊन पुणेकर जमिनीखालून स्वारगेटला पोहोचले.

शहराच्या वाहतुकीत पैसा कुठे घालावा यावर जगभरचे तज्ज्ञ जाडजूड अहवाल लिहितात. दर तासाला किती प्रवासी, किलोमीटरमागे किती खर्च, किती कार्बन वाचेल, असे त्यांचे प्रश्न असतात. आपल्याकडे ते सगळं करून झालं की शेवटी एकच प्रश्न उरतो, आणि तो कुठल्याच अहवालात लिहिलेला नसतो. नारळ कुठे फोडायचा? ज्या कामाला या प्रश्नाचं चोख उत्तर देता येतं ते काम होतं. ज्याला देता येत नाही ते 'विचाराधीन' राहतं.

मेट्रोला हे उत्तर उत्तम देता येतं. तिचं भूमिपूजन असतं, पहिल्या खांबाचं पूजन असतं, बोगदा खणणारं यंत्र पलीकडून बाहेर आलं की टाळ्या असतात, चाचणी फेरीला हिरवा झेंडा असतो आणि मग टप्प्याटप्प्याने उद्घाटनं असतात. पुण्यात 24 डिसेंबर 2016 ला पायाभरणी झाली. 6 मार्च 2022 ला पहिला टप्पा सुरू झाला, 1 ऑगस्ट 2023 ला दुसरा, 6 मार्च 2024 ला रुबी हॉल ते रामवाडी आणि मग तो पावसातला स्वारगेट. तेहेतीस किलोमीटरचा मार्ग पुण्याने एवढे घास करून खाल्ला.

त्याआधीची वर्षं पुण्याने चावण्यात घालवली होती. दिल्ली मेट्रोने पुण्यासाठी प्रकल्प अहवाल केला तो 2009 च्या आसपास. त्यानंतर जे घडलं त्याला इतर शहरांत विलंब म्हणतात, पुण्यात चर्चा म्हणतात. मेट्रो जमिनीवरून न्यायची की जमिनीखालून? जमिनीवरून नेली तर कर्वे रस्त्याचं काय, खालून नेली तर खर्चाचं काय, नदीकाठाने नेली तर नदीचं काय, आणि मुळात कुठूनही नेली तर आमच्या मताचं काय? आयुष्यात कधी विहीर खणली नव्हती अशी माणसं भूगर्भावर बोलू लागली. हे सगळं चालू असताना 2014 मध्ये नागपूरच्या मेट्रोला मंजुरी मिळाली आणि मार्च 2019 मध्ये ती धावायलाही लागली. नागपूरकरांनी बहुधा परिसंवादच घेतला नसावा. पुढे नागपूरच्या त्याच मेट्रो कंपनीचं महामेट्रो झालं आणि तिनेच पुण्याची मेट्रो बांधली. मुख्यालय नागपुरातच राहिलं. पुण्याला जगातलं सगळं कळतं, फक्त ते करून द्यायला विदर्भातून माणसं यावी लागली, ही गोष्ट पेठांमध्ये अजून कोणी मोठ्याने बोलत नाही.

बांधायला घेतल्यावरही पुणेरीपणा सुटला नाही. संभाजी उद्यान आणि डेक्कन ही दोन स्थानकं मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची केली. स्थानकाच्या डोक्यावर पगडी विनातक्रार चढली. पुणेकराच्या डोक्यावर हेल्मेट चढवण्याचे प्रयत्न त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत. 2021 मध्ये लकडी पुलाशी आडव्या जाणाऱ्या मेट्रोच्या पुलावरून वाद पेटला, कारण विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ त्याखालून जाणार कसे, असा गणेश मंडळांचा सवाल होता. (लकडी पूल लाकडाचा राहिला नाही त्यालाही जमाना लोटला, तो विषय वेगळा.) जगातल्या अभियंत्यांना पुलाची उंची ठरवताना पूररेषा, जहाजं, विजेच्या तारा यांचा विचार करावा लागतो. आमच्या अभियंत्यांना देखाव्यावरच्या कळसाचा करावा लागतो. आणि का करू नये? बाप्पा वर्षातून एकदाच त्या रस्त्याने जातात, पण ते वेळेचे पक्के नसले तरी प्रवासी म्हणून नियमित आहेत.

पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाचा आनंद तर अवर्णनीय होता. एक तुकडा वनाज ते गरवारे कॉलेज, दुसरा पिंपरी ते फुगेवाडी. या दोन तुकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. मध्ये अख्खं शहर होतं. वनाजला बसून गरवारेला उतरायचं आणि परत वनाजला यायचं, एवढाच प्रवास शक्य होता. पण पुणेकरांनी तो सहकुटुंब केला. आजीला खिडकीशी बसवलं, नातवाचा फोटो काढला, डब्यातच वाढदिवस साजरे झाले, कविता वाचल्या गेल्या. पुण्यात दहा माणसं एका जागी बसली आणि पाठीमागचं दार आपोआप बंद होत असेल तर कविता व्हायच्याच. आणि फुगेवाडी! ज्या गावाला आजवर कोणी मुद्दाम गेलं नव्हतं, तिथे माणसं रांगा लावून पोहोचली, स्थानकाबाहेर येऊन इकडेतिकडे बघितलं, आणि पुढच्या गाडीने परत गेली. फुगेवाडीकर बिचारे आपल्यात एकदम असं काय प्रेक्षणीय निघालं म्हणून चक्रावले असतील.

कुचेष्टा म्हणून हे लिहीत नाही. मला मेट्रो आवडते. स्वच्छ आहे, गार आहे, वेळेवर येते आणि मुख्य म्हणजे तिच्यात बसलं की खाली अडकलेल्या मोटारींकडे तुच्छतेने बघता येतं. दहा रुपयांत एवढा वरचष्मा अन्यत्र मिळत नाही. माझी तक्रार सुरू होते ती स्थानकाचा सरकता जिना संपतो तिथे.

जिना संपतो आणि कोटींचा हिशेब संपतो. या सगळ्या टप्प्यांचा मिळून मंजूर खर्च 11,420 कोटी, मंजूर लांबी सव्वाएकतीस किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला 365 कोटी. एवढ्या थाटात आपल्याला आणलं जातं आणि मग घरापर्यंतचा उरलेला एक किलोमीटर समोर ठेवून शहर म्हणतं, बघा बुवा आता तुमचं तुम्ही. वऱ्हाडाला विमानाने आणावं आणि मांडवाच्या अलीकडे दीड मैल शेतात उतरवून द्यावं, तसा हा पाहुणचार. या तुकड्याला सरकारी सभांमध्ये 'लास्ट माईल कनेक्टिव्हिटी' म्हणतात. सादरीकरणात तिथे हिरवी झाडं, सायकलवरची एक हसरी तरुणी आणि कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा असतात.

प्रत्यक्षात तिथे पदपथ असतो. त्याची सुरुवात गुडघ्याएवढ्या उंच पायरीने होते. त्यावर चढलं की चार पावलांवर महावितरणचा डबा, त्याला वळसा घालून खाली उतरायचं, पुन्हा चढायचं, मग रसवंतीगृहाची बाकडी, मग 'येथे गाड्या लावू नयेत' या पाटीला टेकवून लावलेल्या गाड्या. पुढे पेव्हर ब्लॉक. यातला कुठला सैल आहे हे पावसाळ्यात पाय दिल्यावरच कळतं आणि तो बातमी सलवारपर्यंत पोहोचवतो. त्यापुढे मंडळाच्या कमानीसाठी खणलेला खड्डा. आणि जिथे यातलं काहीच नसतं, सलग पंचवीस पावलं मोकळा पदपथ असतो, तिथून समोरून एक दुचाकी येते आणि आपण मध्ये चालतोय म्हणून हॉर्न वाजवते.

हा पदपथ दुरुस्त करायला किलोमीटरला 365 कोटी लागत नाहीत. तरी तो तसाच का राहतो? कारण पदपथाचं उद्घाटन कसं करणार? फीत बांधायची तर कशाला बांधायची, दोन्ही बाजूला मोटारी उभ्या. मान्यवरांनी पहिलं पाऊल टाकायचं म्हटलं तर पुढचं कुठे टाकायचं हा प्रश्न. आणि नारळ? तो फोडायला दगड सापडेल एखादा, पदपथावर दगडांची ददात नाही. पण हेलिकॉप्टरमधून उतरून कोणी महावितरणच्या डब्याला वळसा घालायला येत नाही.

बसचंही नेमकं हेच दुखणं आहे.

पुण्याची मेट्रो रोज दोन लाखांच्या आसपास माणसं वाहते, बस दहा लाखांहून जास्त. पण वर्तमानपत्रात मेट्रोचा फोटो समोरून असतो, चकचकीत. बसचा फोटो बहुतेक वेळा मागून असतो, बंद पडलेली, चौघं जण ढकलताहेत. नवी बस येते तेव्हा तिला एकदाच हिरवा झेंडा दाखवता येतो. दुसऱ्या दिवसापासून तिला गॅस लागतो, टायर लागतात, चालक लागतो, वाहक लागतो, आणि ते रोज लागतं. यातल्या एकालाही नारळ नाही. 'आज बसचा पुढचा डावा टायर बदलण्याचा शुभारंभ पालकमंत्र्यांच्या हस्ते' अशी निमंत्रणपत्रिका कोणी छापत नाही. मेट्रोला दिलेल्या पैशाला गुंतवणूक म्हणतात. बसला दिला की तो तुटीच्या रकान्यात पडतो, आणि ती तूट पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के अशी भरते. भांडवली खर्चाला मांडव असतो, चालू खर्चाच्या वाट्याला लेखापरीक्षक येतो.

तरी बससाठी पुण्याने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल केलं. पुणेकर अजूनही पीएमटीच म्हणतात; पाच अक्षरं उच्चारेपर्यंत बस निघून जाते. 2019 मध्ये विजेवरच्या बस आणल्या. 2021 मध्ये 'पुण्यदशम' नावाची छोटी वातानुकूलित बस पेठांमध्ये सोडली, दहा रुपयांत दिवसभर. ही कल्पना मला फार आवडली होती. दहा रुपयांत दिवसभर गार हवेत बसता येतं म्हटल्यावर पेठेतल्या काही ज्येष्ठांनी घरचा पंखा बंद केला असेल, अशी मला दाट शंका आहे. आणि 1 नोव्हेंबर 2012 ला तर शहराने 'बस डे' साजरा केला. एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने त्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बस रस्त्यावर आल्या. साहेब लोक टाय लावून बसमध्ये चढले, कंडक्टरला चुकून 'थँक यू' म्हणाले, एकमेकांचे फोटो काढले. बस भरपूर असतील आणि वेळेवर येतील तर पुणेकर बसमध्ये बसतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. सिद्ध झाल्यामुळे 2 नोव्हेंबरला तो प्रश्न मिटला आणि सगळ्यांनी आपापल्या स्कूटरला किक मारली.

बस कंपनीच्या अध्यक्षपदाबद्दलही एक शब्द. चांगला अधिकारी येतो, वेळापत्रक लावतो, दांडीबहाद्दरांना घरी बसवतो, आणि बदलून जातो. कधीकधी वाटतं, वाट बघत थांब्यावर उभं राहावं तर बसच्या आधी पुढचे अध्यक्ष यायचे.

कात्रजच्या रस्त्याची कहाणी मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग पुण्याने केला, डिसेंबर 2006 मध्ये, कात्रज–स्वारगेट–हडपसर. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी मार्गिका. कल्पना अगदी सरळ होती. रूळ नकोत, बोगदा नको, रंगाचा पट्टा आणि कठडा पुरे. मिनिटाला एक बस आणि बसमध्ये साठ माणसं धरली तरी एका मार्गिकेतून तासाला 3,600 माणसं जातात. तेवढी माणसं मोटारींतून न्यायची तर हाच रस्ता कितीतरी रुंद करावा लागेल.

पण बसच्या मार्गिकेत एक मोठा दोष आहे, ती रिकामी दिसते. बस येते, भर्रकन जाते, आणि पुढची येईपर्यंत मिनिटभर तिथे नुसता डांबरी रस्ता पडलेला असतो. शेजारी अडकलेल्या मोटारवाल्याला हे दृश्य बघवत नाही. मोकळी जागा आणि पुणेकर यांचं नातं फार हळवं आहे. दोघं एकमेकांशिवाय राहू शकत नाहीत. त्यामुळे आधी एक दुचाकी शिरली, मग तिच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे मोटार, आणि मग पाण्याचा टँकर. थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे प्रवाशाला थांब्यापर्यंत पोहोचायला धाडस लागतं. तो रस्ता पुढे कितीदा खणला, कितीदा बुजवला याची मोजदाद त्या रस्त्यालाही नसेल. आणि 2024 मध्ये त्याच रस्त्याखालून स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रो मंजूर झाली. लांबी 5.46 किलोमीटर, खर्च 2,954 कोटी. म्हणजे किलोमीटरला साधारण 540 कोटी. विजेवरची एक बस दीड कोटीला धरली तर एका किलोमीटरच्या पैशांत साडेतीनशे बस येतात. वर एक पट्टा आखून तो सांभाळायचा एवढंच काम होतं. ते जमलं नाही, म्हणून आता खाली जायचं. जमिनीखाली निदान पाण्याचा टँकर शिरत नाही.

नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. उखडण्याला नारळ लागत नाही, जेसीबी पुरतो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा असताना 2020 मध्ये पाडला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यात बसत नव्हते. एकाच चौकात दोन पिढ्यांना नारळ फोडायला मिळाले. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला गेलात तर खाली रस्ता, वर मोटारींचा पूल आणि त्यावर मेट्रो असा तीन मजली संसार दिसतो. मजेची गोष्ट म्हणजे तिन्ही मजल्यांवर मिळून पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडायचा असेल तर त्याने काय करायचं हे अजून कोणत्याही मजल्यावर लिहिलेलं नाही.

काम टिकाऊ झालं की नारळाचं किती नुकसान होतं, याचा दाखला जंगली महाराज रस्त्याने देऊन ठेवला आहे. सत्तरच्या दशकात तो बांधणाऱ्यांनी दहा वर्षांची हमी दिली होती आणि त्यानंतर दशकानुदशकं त्यावर खड्डा पडला नाही, हे पुण्यात कोणीही सांगेल. त्याच्यापुढचं वाक्यही कोणीही सांगेल, की त्या कंत्राटदाराला पुन्हा शहरात काम मिळालं नाही. खरंखोटं देव जाणे. पण विचार केला तर त्याने खरोखरच किती जणांच्या पोटावर पाय आणला! न खचणाऱ्या रस्त्याचं पुन्हा भूमिपूजन होत नाही, पुन्हा निविदा निघत नाही, पुन्हा लोकार्पण होत नाही.

याबाबतीत मुंबईकरांनीही शेफारून जाऊ नये. त्यांच्याकडे ट्राम होती. आज जगातली शहाणी शहरं ज्याला 'लाइट रेल' म्हणून कर्ज काढून आणतात, ती वस्तू मुंबईत 1874 च्या मे महिन्यात कुलाबा ते पायधुणी धावत होती, घोडे जोडून. ट्राम कंपनीकडे नऊशे घोडे होते. 1907 मध्ये ती विजेवर आली, 1920 मध्ये दुमजली झाली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी जाऊन कारभार आटोपला. ती रस्ता अडवते असं ठरलं होतं. तिला हटवल्यावर रस्त्याचं काय झालं हे मुंबईकराने सांगायला नको. तो अजून त्याच रस्त्यात आहे. 2017 मध्ये फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना डांबराखालून जुने रूळ वर आले. तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत भुयारी मेट्रोचं खोदकाम जोरात चालू होतं. ती कफ परेडपर्यंत 2025 मध्ये पोहोचली, 37 हजार कोटींच्या वर खर्चून.

नाशिकला 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निओ मेट्रोसाठी 2,092 कोटी जाहीर झाले. रबरी टायरची, वरच्या तारेवर चालणारी, हलकीफुलकी गाडी. मेट्रोच्या मानाने फारच स्वस्त. माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. इतक्या स्वस्त वस्तूला कोण विचारतो? पुण्याने तर याहून आधी, 1987 च्या विकास आराखड्यात, शहराभोवती सार्वजनिक वाहतुकीसाठी छत्तीस किलोमीटरचा वर्तुळाकार उन्नत मार्ग आखून ठेवला. त्याला एचसीएमटीआर म्हणतात. तो आराखड्यात फार सुरेख दिसतो. तो आखला तेव्हा जन्मलेली मुलं आज चाळिशीला टेकली असून सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभी आहेत.

आमच्या सोसायटीतले काका या सगळ्या विषयांतले जाणकार. निवृत्त अभियंते. वाचकांच्या पत्रव्यवहारात मेट्रोची बाजू त्यांनी इतकी वर्षं लावून धरली की संपादकांनी कंटाळून नव्हे तर आदराने पत्र छापणं बंद केलं. घरात माणसं चार, दुचाकी तीन, मोटार एक. 2018 मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली आणि तिने 35 लाखांच्या लोकसंख्येला मागे टाकलं, तेव्हा या विक्रमात काकांच्या घराचा भरीव वाटा होता.

"काका, मेट्रो सुरू झाली की तुम्ही," मी एकदा विचारलं, "मंडईला मेट्रोने जाणार का?"

"अगं, मी कशाला? बाकीचे जातील ना. म्हणजे रस्ता मोकळा होईल. मग मी पटकन स्कूटरवरून जाऊन येईन."

ही भूमिका काकांची एकट्याची नाही. पस्तीस लाख लोक पस्तीस लाख बाकीच्यांची वाट बघताहेत.

पण काकांचा मुद्दा मी सहजासहजी झटकत नाही. स्टेशनपर्यंत चालत जा म्हटलं की ते गुडघा दाखवतात आणि मग पदपथाची पायरी दाखवतात. बसने जा म्हटलं तर म्हणतात, "येईल का ते सांग, मग किती वाजता येईल ते विचारतो." सायकलचंही त्यांना वावडं नाही. सायकलींचं शहर म्हणून पुणं ओळखलं जायचं तेव्हा ते स्वतः रोज सायकलवर कारखान्यात जात. 2017 च्या अखेरीला मोबाइलवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली शहरात आल्या, तेव्हा हौसेने एक घेऊन निघालेही होते. सायकल ट्रॅक आमच्या कोपऱ्यापासून सुरू होतो, वडापावच्या गाडीपाशी थांबतो, आणि मग एका झाडाच्या बुंध्यातून पलीकडे निघतो. काका बुंध्यापर्यंत गेले. वडापाव खाऊन परत आले.

म्हणून मी एक योजना तयार केली आहे आणि ती संबंधितांना पाठवण्याआधी काकांना दाखवली. नारळ ही अडचण आहे ना? मग तो प्रश्न नारळाच्याच बाजूने सोडवायचा. पुण्यात प्रत्येक बाकावर, कमानीवर, कचराकुंडीवर 'अमुक यांच्या संकल्पनेतून, तमुक यांच्या प्रयत्नांतून' अशी पाटी असते. बसथांब्यावर बसचे नंबर बोटभर आणि संकल्पना हातभर. ही हौस वाया का घालवायची? पदपथाचा प्रत्येक पेव्हर ब्लॉक एकेका मान्यवराच्या नावाने बसवावा आणि सैल झाला की तोच मान्यवर पुन्हा बोलवावा. सायकल ट्रॅकवरचं अतिक्रमण हटवणं हा 'लोकार्पण सोहळा' समजावा. आणि बसची प्रत्येक फेरी हे उद्घाटन मानावं. दोन हजारांच्या घरात बस आहेत. डेपोतून सुटताना दर फेरीला एक नारळ, एक झेंडा, दोन मिनिटं भाषण. माननीयांची संख्या पुण्यात बसपेक्षा केव्हाही जास्त, त्यामुळे हस्ते कोणाच्या याची चिंता नाही. फेरी रद्द करायची म्हटलं तर माननीय चिडतील, त्यामुळे फेऱ्या रद्द होणार नाहीत. उशीर झाला तर त्यांचा पुढचा कार्यक्रम चुकेल, त्यामुळे बस वेळेवर सुटतील. टायर बदलायचा असेल तर टायरपूजन.

काकांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला. अभियंता माणूस, पहिली शंका रचनेचीच काढली.

"नारळ फोडणार कुठे? बसच्या पुढच्या चाकापाशी?"

"हो."

"आणि प्रसाद वाटणार पुढच्या दाराने?"

"अर्थात."

"मग मागच्या दाराने चढणाऱ्यांचं काय?"

मला उत्तर सुचेना. काकांनी पेन काढलं आणि कागदाच्या समासात, निवृत्तीपूर्वीच्या सुवाच्य अक्षरात, कंडक्टरसाठी सुधारित सूचना लिहिली: 'सुटे तयार ठेवा, खोबरं घ्या आणि पुढे सरका.'